कुकी अडवणं वेगळं, स्क्रिप्ट अडवणं वेगळं

दहावी-बारावीचे निकाल लागले की सांगलीत फॉर्म भरायची धांदल उडते. विश्रामबागेतला नेट कॅफे असो नाहीतर घरचा लॅपटॉप, एक तक्रार हमखास ऐकू येते: “दादा, साईटच चालंना.” उत्तरही ठरलेलं: “ब्लॉकर काढून टाक की.” पोरगं ब्लॉकर, म्हणजे जाहिराती आणि पाळत अडवणारी ब्राउझरमधली सोय, काढतं, फॉर्म जातो आणि ब्लॉकर काही परत बसत नाही. एका फॉर्मपायी पुढची सगळी वर्षं उघड्यावर पडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढं करायची गरजच नसते.

गोंधळ होतो तो इथे, की ‘ब्लॉकर’ हे आपण एकच काम समजतो. प्रत्यक्षात त्यात दोन कामं असतात. एक कुकी अडवायचं, दुसरं स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्राम, अडवायचं. दोन्हींमुळे साईट अडू शकते, पण अडण्याची तऱ्हा निराळी असते, आणि तऱ्हा ओळखता आली तर उपाय छोटा निघतो.

आधी कुकी. 1994 साली नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ती आणली. साईटला माणूस लक्षात राहत नाही. प्रत्येक पान मागताना तुम्ही तिच्यासाठी नवेच असता. म्हणून साईट तुमच्या ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला देते आणि पुढच्या वेळी ती परत बघते. गणपती मंदिराबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं हे आहे: बिल्ल्यावर नुसता आकडा, पण तो दाखवला की चपला कुणाच्या ते कळतं. तुमचं लॉगिन टिकतं ते याच नोंदीवर. ही साईटची स्वतःची कुकी, आणि ती अडवायची नसते.

अडवायची ती तिऱ्हाइताची, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी. तुम्ही बातमी वाचायला एक पान उघडलं आणि त्यात एका जाहिरात कंपनीचा तुकडा होता, तर ती कंपनीही आपली कुकी ठेवून जाते. थोड्या वेळाने मार्केट यार्डातला हळदीचा भाव बघायला दुसऱ्याच साईटवर गेलात आणि तिथेही त्याच कंपनीचा तुकडा असला, की तुमच्या दोन्ही भेटी तिच्याकडे जोडल्या जातात. सफारीने 2020 पासून या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक साईटची कुकी वेगवेगळी ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे जोडाजोड होत नाही. क्रोमने 2020 मध्ये त्या काढून टाकायची घोषणा केली आणि 2024 मध्ये माघार घेतली. म्हणून क्रोम वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन त्या स्वतः बंद कराव्यात, हे माझं आग्रहाचं सांगणं.

एवढ्याने साईट क्वचितच अडते. अडली तर लक्षण ठळक असतं: पासवर्ड बरोबर, लॉगिन होतं, आणि पुन्हा लॉगिनचंच पान समोर येतं. किंवा पानाच्या आत दुसऱ्या कंपनीची चौकट असते, चॅटची किंवा पैसे भरायची, आणि तेवढी चौकटच तुम्हाला ओळखत नाही.

स्क्रिप्ट अडवणं हे याहून खोलवरचं काम. नुसती तिऱ्हाइताची कुकी अडवली तरी तुमचा ब्राउझर त्या कंपनीकडे तुकडा मागायला जातोच. आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा नंबर, आणि ब्राउझरचा तपशील तिला मिळतोच. स्क्रिप्ट अडवणारा ब्लॉकर ती मागणीच बाहेर जाऊ देत नाही. यूब्लॉक ओरिजिन (ब्राउझरमध्ये बसवायचा ब्लॉकर) किंवा ब्रेव्ह ब्राउझर हे करतात. संरक्षण जास्त, म्हणून मोडतोडही जास्त.

ती कशी होते ते बघा. फॉर्मवर ‘पुढे’ असं बटण आहे. साईट बनवणाऱ्याने लिहून ठेवलंय: बटण दाबलं की आधी साईटवरच्या भेटींची मोजणी करणाऱ्या कंपनीला कळव, मग पुढचं पान उघड. ब्लॉकरमुळे मोजणीची स्क्रिप्ट आलीच नाही. बटण दाबल्यावर पहिलीच ओळ चुकते, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत गाडी जातच नाही. पोरगी बटण दाबत राहते, पडद्यावर काहीच हलत नाही. कॉम्प्युटरवर एफ12 दाबून कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडलं तर लाल ओळी दिसतात. क्रोममध्ये त्यात ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ असं लिहिलेलं असतं. मुकं बटण, कोरी जागा, न दिसणारा कॅप्चा, ही सगळी याच घरची लक्षणं.

माझ्या मते इथे दोष साईट बनवणाऱ्याचा. प्रवेशाचा अर्ज मोजणीवाल्याच्या स्क्रिप्टवर अडून राहता कामा नये. फायरफॉक्सने 2021 पासून अशा काही स्क्रिप्टच्या जागी निरुपद्रवी नकली स्क्रिप्ट द्यायला सुरुवात केली. कुणाला काही कळवलं जात नाही, पण बटण चालतं. यूब्लॉक ओरिजिनकडेही अशा नकली स्क्रिप्ट आहेत. तरी सगळ्या साईट त्यात बसत नाहीत.

मग ब्लॉकर उठवायचा तो त्या एका साईटपुरता. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडची ढाल, ब्रेव्हमध्ये सिंहाचं चित्र, यूब्लॉक ओरिजिनमध्ये मोठं पॉवरचं बटण. तिन्हीकडे फक्त समोरच्या साईटसाठी सूट देता येते. लॉगिन फिरून तिथेच येत असेल तर आधी तिऱ्हाइताच्या कुकीला त्या साईटपुरती परवानगी द्या, स्क्रिप्टला हात लावू नका. बटण मुकं असेल तर उलट: स्क्रिप्टला सूट द्या, कुकीला हात लावू नका.

सूट दिल्यावर पान नव्याने लोड होतं आणि भरलेली माहिती जाऊ शकते, तेव्हा आधी ड्राफ्ट सेव्ह करा. पैसे भरताना पान अडकलं तर लगेच पुन्हा लोड करू नका. खात्यातून रक्कम गेली का ते बँकेच्या मेसेजमध्ये किंवा ॲपमध्ये बघा, मगच पुढचं.

नेट कॅफेत बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथे इनकॉग्निटो खिडकी वापरणं योग्यच, कारण ती बंद केली की लॉगिन मागे राहत नाही. पण क्रोमची इनकॉग्निटो तिऱ्हाइताच्या कुकी आपणहून अडवते. घरी चाललेला फॉर्म तिथे लॉगिनवर अडला तर पत्त्याच्या पट्टीत डोळ्याचं चिन्ह शोधा आणि तेवढ्या साईटला सूट द्या.