क्लच नवा, मग गिअर का अडतो?

क्लच बदलून गाडी गॅरेजमधून बाहेर पडते आणि पहिल्याच सिग्नलला पहिला गिअर पडत नाही. रिव्हर्स टाकावा तर करकर आवाज. परत जाऊन विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "नवीन प्लेट आहे साहेब, थोडी चालवा, आपोआप मोकळं होईल." या उत्तरावर विसंबून लोक महिनोन्‌महिने गिअर ढकलत राहतात आणि चांगला गिअरबॉक्स खराब करून घेतात, म्हणून हे लिहायला घेतलं. नवी प्लेट घासून बसावी लागते हे खरं, पण तो प्रश्न क्लचच्या पकडीचा. इथे अडचण क्लच सुटण्याची आहे.

फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली असते आणि ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला फिरवते. पेडल दाबलं की प्रेशर प्लेट मागे सरते, तेही जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. त्यात थोडी जरी कमतरता राहिली तरी प्लेट घासत राहते आणि इंजिन शाफ्टला ओढत राहतं. एवढीशी ओढ गिअर कशी काय अडवते? त्यासाठी सिंक्रोनायझर समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते गाडीतला सर्वांत सुंदर भाग तोच आहे.

गिअर टाकताना दोन चाकं एकमेकांत अडकतात असा समज आहे. प्रत्यक्षात पुढे जाण्याच्या गिअरांची चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. लिव्हरने सरकते ती एक स्लीव्ह, म्हणजे दातेरी कडी, आणि ती निवडलेल्या चाकाला शाफ्टशी जखडते. त्याआधी दोघांचा वेग सारखा व्हायला हवा. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५, दुसऱ्याचं २ आणि इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर आहे. गाडीचा वेग तोच ठेवून दुसरा गिअर टाकायचा तर इनपुट शाफ्ट सुमारे १७०० फेऱ्यांवर उतरला पाहिजे. क्षणभरात त्याला उतरवते ती सिंक्रोनायझरची एक छोटी पितळी रिंग.

ही रिंग आतून शंकूच्या आकाराची असते आणि चाकावरच्या तशाच शंकूवर चढते. शंकूचा उतार फक्त ६-७ अंशांचा. एकात एक घातलेले स्टीलचे पेले जसे घट्ट बसतात, तशी ही जोडी. इतक्या कमी उतारामुळे लिव्हरकडून आलेल्या जोराच्या आठ-नऊ पट दाब शंकूच्या पृष्ठभागावर पडतो आणि घर्षणाने वेग जुळू लागतो. रिंगच्या कडेला टोकदार दातेही असतात. वेगात फरक असेपर्यंत घर्षण रिंगला किंचित फिरवून धरतं, त्यामुळे तिचे दाते स्लीव्हच्या दात्यांना आडवे येतात. स्लीव्ह त्यांना बाजूला सारू पाहते, घर्षण जागेवर धरून ठेवतं. दात्यांच्या टोकांचा कोन असा आखलेला असतो की फरक उरला आहे तोवर घर्षणच वरचढ ठरतं. फरक शून्य झाला की ते बळच नाहीसं होतं आणि स्लीव्ह आत सरकते. सेन्सर नाही, संगणक नाही. अर्ल थॉम्पसन यांची ही यंत्रणा कॅडिलॅकने १९२८ मध्ये गाड्यांत आणली.

आता क्लच अर्धवट सुटलेला असेल तर? रिंग शाफ्टला थांबवू पाहते, इंजिन त्याला फिरवत राहतं. फरक शून्य होत नाही, म्हणून रिंग वाट देत नाही. म्हणजे गिअर अडतो तेव्हा रिंग आपलं काम चोख करत असते, आणि जोर लावला की झिजते तीच. रिव्हर्सला अनेक गाड्यांत सिंक्रोनायझर नसतो, म्हणून तिथे दाते थेट आपटतात.

सपाट जागी हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून पाहा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. बंद असतानाही जड जात असतील तर संशय गिअरच्या केबलवर किंवा लिंकेजवर, म्हणजे लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या दांड्यांवर. गिअरबॉक्स उतरवताना ते सोडावं लागतं आणि जोडताना सेटिंग हलू शकतं.

ऑल्टोसारख्या केबल क्लचच्या गाडीत कारण बरेचदा साधं असतं. जुनी प्लेट झिजते तसा पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) कमी होतो, म्हणून केबल वेळोवेळी सैल केलेली असते. नवी जाड प्लेट बसली की तेच सेटिंग फार सैल ठरतं आणि पेडलची अर्धी चाल वाया जाते. नट फिरवून केबल ताणली की काम झालं. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचमध्ये पाइपातली हवा काढायची राहिलेली असते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर तिथेच मुरतो. याहून वाईट म्हणजे बसवताना गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर लटकून ती वाकणं. अर्ध्या मिलिमीटरचा वाकडेपणाही जास्तच. किंवा प्लेट चक्क उलटी बसलेली असणं. या दोन्हींत गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

गिअर मऊ करणाऱ्या जादूच्या बाटल्यांच्या नादी मात्र लागू नका. रिंगला घर्षण हवं असतं, आणि तेल जास्त निसरडं केलं तर तेच कमी होतं. कंपनीने जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर जीएल-५ भारी म्हणून ओतू नये. त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ड्राइव्हशाफ्ट काढताना गिअर ऑइल बाहेर येतं, त्यामुळे काम झाल्यावर ते किती आणि कोणतं भरलं, हे बिलावर लिहून घ्या.