ल्यूमेन की लक्स? सायकलचा चार्जिंगचा पुढचा दिवा घेताना

सायकलसाठी चार्जिंगचा पुढचा दिवा घ्यायला गेले, की खोक्यावर ल्यूमेनचा आकडा ठळक छापलेला दिसतो, तर लक्सचा आकडा तपशिलाच्या कोपऱ्यात असतो, किंवा पुष्कळदा नसतोच. दोन्ही प्रकाशाचीच मापे असल्यामुळे किलोमीटर आणि मैल यांसारखी ती एकाच गोष्टीची दोन एकके असावीत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दिव्यातून सर्व दिशांना मिळून जेवढा प्रकाश बाहेर पडतो तो ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि त्यातला जेवढा एखाद्या पृष्ठभागावर पोहोचतो तो लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन प्रकाश पडला, की तो एक लक्स.

घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्यूमेन प्रकाश देतो. तो हँडलला बांधला, तर स्वाराची छाती, कडेची बाभूळ आणि वरच्या विजेच्या तारा लख्ख दिसतील. २० मीटरवरच्या खड्ड्यापर्यंत मात्र जेमतेम ०.२ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड पोहोचेल. याउलट निम्म्याहून कमी ल्यूमेनचा, पण प्रकाश रस्त्यावर नीट एकवटणारा दिवा १० मीटरवर ४० लक्स देऊ शकतो. अंतर दुप्पट झाले, की लक्स एकचतुर्थांश होतात, त्यामुळे २० मीटरवर त्याचे १० लक्स उरतात. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल दर सेकंदाला सात मीटर पुढे जाते; खड्डा दिसून, ब्रेक दाबून थांबायला या २० मीटरांची खरोखर गरज असते.

म्हणूनच लक्सचा आकडा अंतराशिवाय निरर्थक आहे. एखाद्या दिव्यावर ‘४००० लक्स’ असे लिहिलेले असेल आणि ते माप एका मीटरवरचे असेल, तर १० मीटरवर त्याचे ४० लक्सच होतात. जर्मनीत रस्त्यावर वापरायच्या सायकलच्या पुढच्या दिव्याने १० मीटरवर किमान १० लक्स द्यावेत आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून वरच्या बाजूला जाणारा प्रकाश मर्यादित असावा, असा नियम आहे; त्यामुळे तिकडच्या खोक्यांवर लक्सचा आकडा हमखास सापडतो. आपल्याकडे येणारे बरेच दिवे मुळात हातातल्या विजेरीसारखा गोल झोत टाकणारे असतात, आणि त्यांचा बराच प्रकाश क्षितिजाच्या वर, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो.

अर्थात केवळ लक्स पाहूनही फसगत होते. लक्स सहसा झोतातल्या सर्वांत प्रखर बिंदूवर मोजतात, त्यामुळे झोत सुईसारखा अरुंद केला, की थोड्या ल्यूमेनमध्येही आकडा फुगतो. मग वळणावर कठड्याऐवजी दरीतला काळोख समोर येतो. घाटात फिरणाऱ्याने झोताची रुंदी पाहिलीच पाहिजे. पथदिवे असलेल्या शहरात मात्र आपण इतरांना दिसणे एवढेच मुख्य काम असते, तिथे या काथ्याकुटाची गरज नाही. १०० ते २०० ल्यूमेनचा साधा दिवा पुरतो.

माझ्या पहिल्या दिव्याच्या खोक्यावर ‘१२०० ल्यूमेन, ५ तास’ असे लिहिले होते. खडकवासल्याहून डोणज्याकडे जाताना पट्टे पुसलेला एक गतिरोधक मला तो दिवा चालू असतानाच कळला, पण चाक त्यावर चढल्यावर. पुढे दिवा उघडला, तेव्हा आत १८६५० आकाराचा, २००० एमएएचचा, म्हणजे २ अँपिअर-तासांचा एकच सेल निघाला. सेलच्या ३.७ व्होल्टने गुणले, की त्याची साठवण ७.४ वॅट-तास होते, आणि एका वॅटमागे सुमारे १०० ल्यूमेन धरले, तर १२०० ल्यूमेन फार तर पाऊण तास मिळतील. ल्यूमेनचा खरा उपयोग मला या हिशेबात वाटतो: बॅटरी किती खर्च होणार, ते त्यावरून समजते. तासांचा दावाही जपून वाचावा, कारण एका प्रचलित अमेरिकी मानकानुसार प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरला जातो.

४०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, २७ तासांची मुदत असते आणि त्यात अख्खी रात्र येते. तिथे सर्वांत प्रखर मोड फक्त उतारापुरता लागतो. मधल्या मोडवर किती तास आणि किती लक्स मिळतात, तेच दुकानदाराला विचारावे. चार्जिंग चालू असताना दिवा पेटतो का, हेही विचारावे, कारण काही दिवे पॉवर बँक जोडली, की बंद होतात.

झोत पारखायला दुकानातली भिंत पुरते: वरची कड सरळ आडवी कापल्यासारखी दिसली, तर दिवा रस्त्यासाठी घडवलेला आहे. घरी सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करावी आणि दिवा जमिनीपासून एक मीटर उंच असेल, तर झोताचा मध्य भिंतीवर अर्ध्या मीटरवर येईल इतका तो खाली झुकवावा. म्हणजे तो रस्त्यावर दहा मीटरवर टेकतो. खराब रस्त्यावर रबरी पट्टा हळूहळू फिरतो आणि हा कोन बिघडतो. पट्ट्याखाली पंक्चर झालेल्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, की दिवा जागचा हलत नाही.