पूर्वमंजुरी आली म्हणजे सगळं बिल विमा भरणार?

"कॅशलेसची पूर्वमंजुरी आली, आता खिशातून एक रुपयाही जाणार नाही," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. कॅशलेस म्हणजे विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते, आणि पूर्वमंजुरी म्हणजे त्यासाठी तिने आधी दिलेला होकार. असं वाटणं स्वाभाविकच, कारण मंजुरीच्या पत्रावर रक्कम छापलेली असते. पण ती रक्कम दाखल होतानाच्या अंदाजावर दिलेली असते. खरा हिशेब डिस्चार्जच्या अंतिम बिलावर होतो.

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम घ्या. मंजुरी मिळते डिब्रिडमेंटला, म्हणजे जखमेतला मेलेला भाग काढायला. चार दिवसांनी डॉक्टर व्हॅक ड्रेसिंग, म्हणजे जखमेतला स्राव यंत्राने ओढून घेणारं ड्रेसिंग लावतात, मुक्काम वाढतो. हा खर्च पहिल्या अंदाजात नसतो. त्यासाठी हॉस्पिटलच्या विमा डेस्कने डॉक्टरांच्या नोंदी, जखमेचं मोजमाप आणि फोटो जोडून वाढीव मंजुरी मागावी लागते. ती मागितली का, हे त्याच दिवशी विचारा. डिस्चार्जच्या सकाळी धावपळ होते ती इथेच.

खिशातून पैसे जाण्याचं दुसरं कारण खोलीभाडं. मर्यादा दिवसाला 4,000 रुपये आणि खोली 8,000ची घेतली, तर प्रमाणशीर कपातीची अट असलेल्या पॉलिसीत डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मिळतो. औषधं आणि तपासण्यांना ही कपात सहसा लागत नाही.

पडताळायचं असेल तर मंजुरीपत्रातलं निदान, उपचार आणि वजावट वाचा. पॉलिसीत को-पे (बिलातला आपण भरायचा ठरलेला हिस्सा) आणि मधुमेहाचा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) पाहा. घरी आल्यावरच्या ड्रेसिंगचा खर्च बऱ्याच पॉलिसींत 60 दिवसांपर्यंत परत मागता येतो, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पावत्या जपून ठेवा.