लिनक्स लघुसंगणकावरील बिनतारी जोडणीचे दोषनिवारण

लिनक्स प्रणालीवर चालणारा एकफलकी किंवा तत्सम लहान संगणक वायफाय जाळ्याशी जोडला जात नसेल अथवा झालेली जोडणी टिकत नसेल, तर त्याचे कारण शोधून दूर करण्याची पद्धत. अशा संगणकाला बहुधा पडदा व कळफलक नसतो आणि त्याच्याशी सारा व्यवहार जाळ्यातूनच चालतो. त्यामुळे जोडणी तुटली की दोष पाहण्याची वाटही बंद होते. यासाठी तपासणीपुरती तरी तारेची जोडणी किंवा पडदा हाताशी ठेवावा.

या विषयाचा आरंभ रास्पबेरी पायसारख्या फलकांपासून मानण्याकडे कल असतो. २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या फलकांवर वायफाय नव्हते, यूएसबी डोंगल लावावा लागे. अंगभूत वायफाय २०१६ च्या तिसऱ्या पिढीपासून मिळाले. दोष शोधण्याची साधने मात्र त्याहून जुनी आहेत, आणि विषयाची मांडणी साधनांच्या अंगाने करणे अधिक सयुक्तिक ठरते. १९९६-९७ च्या सुमारास झाँ तुरिल्हेस यांनी लिनक्समध्ये ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ ही व्यवस्था आणली. आयडब्ल्यूकॉन्फिग ही आज्ञा तिचीच. २००७ मध्ये कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, २.६.२२ या आवृत्तीत वायफाय ड्रायव्हरांसाठी मॅक८०२११ हा सामायिक थर दाखल झाला आणि पुढे आयडब्ल्यू ही नवी आज्ञा रूढ झाली. जुन्या मार्गदर्शनात पहिली आणि नव्या मार्गदर्शनात दुसरी आज्ञा आढळते. दोन्ही उपलब्ध असतील तेव्हा आयडब्ल्यूच्या उत्तरावर विसंबावे.

तपासणी खालच्या थरापासून वर करीत जाणे श्रेयस्कर असते. प्रथम कर्नलला वायफायचे यंत्र दिसते का, हे डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत पाहावे. यंत्र दिसते पण जोडबिंदू (प्रणालीतील त्याचा इंटरफेस) तयार होत नाही, असे असेल तर बहुधा फर्मवेअरची, म्हणजे चिप चालवणाऱ्या आज्ञावलीची, फाइल नसते. वायफायच्या पुष्कळ चिपांना सुरू होताना उत्पादकाची ही फाइल द्यावी लागते आणि तिचा परवाना मुक्त नसल्याने लिनक्सची काही वितरणे ती वगळीत असत. डेबियनने आपल्या अधिकृत स्थापना-प्रतींत अशा फायली २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून समाविष्ट केल्या. यंत्र दिसून पुन्हा नाहीसे होत असेल, तर ड्रायव्हरआधी वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या रास्पबेरी पायमध्ये दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की इशारा नोंदला जातो. बारीक तारांची लांब केबल हे त्याचे नेहमीचे कारण.

जोडबिंदू आहे पण चालू होत नाही, अशा वेळी रेडिओ अडवला आहे का हे सांगणाऱ्या आरएफकिल या आज्ञेने अडथळा दाखवला आहे का ते पाहावे. रास्पबेरी पायच्या प्रणालीत देश निवडेपर्यंत वायफाय असेच अडवलेले असते. देशसंकेत ही औपचारिकता समजून सोडून दिली जाते, परंतु या विषयातील सर्वांत फसवा दोष तेथेच असतो. रेडिओ वाहिन्यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत : २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात अमेरिकेत सामान्यतः १ ते ११, बहुतेक अन्य देशांत १ ते १३ वाहिन्या वापरतात. देश ठरलेला नसेल तर कर्नल ‘००’ हा जागतिक संकेत धरतो. त्यात १२ व १३ या वाहिन्यांवर आणि ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात यंत्राने केवळ ऐकायचे, स्वतःहून प्रक्षेपण करायचे नाही, असा दंडक आहे. परिणामी नाव लपवलेले जाळे, ज्याला आधी हाक द्यावी लागते, तेथे सापडतच नाही. शेजारच्या फोनला जाळे दिसते आणि लघुसंगणकाला दिसत नाही, या तक्रारीचा उगम पुष्कळदा हाच असतो. दुसरे कारण म्हणजे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झची चिप.

जाळ्याच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व अनुस्वारही, तीन बाइट घेते. म्हणजे देवनागरी नावात दहाच चिन्हे मावतात.

ओळख पटवण्याच्या टप्प्यावर डब्ल्यूपीए सप्लिकंट हा योउनी मालिनेन यांचा कार्यक्रम सामान्यतः काम करतो. ८ ते ६३ अक्षरांच्या पासवर्डपासून, जाळ्याचे नाव मिसळून, ४,०९६ आवर्तनांनी २५६ बिटांची किल्ली काढली जाते. यामुळे राउटरवर जाळ्याचे नाव बदलले की आधी काढून ठेवलेली किल्ली, पासवर्ड तोच असूनही, निरुपयोगी ठरते. मांडणीच्या फाइलीत पासवर्ड अवतरणचिन्हांत आणि ६४ अंकी षोडशमान किल्ली चिन्हांविना लिहावी लागते. छपाईतली वळणदार अवतरणचिन्हे चालत नाहीत. किल्ली पडताळणारी चार संदेशांची देवाणघेवाण अपुरी राहिल्यास हा कार्यक्रम किल्ली चुकीची ‘असू शकेल’ असे सांगतो. हा ‘असू शकेल’ शब्दशः घ्यावा, कारण क्षीण संकेतामुळे संदेश हरवला तरी तीच नोंद होते. डब्ल्यूपीए ३ ही नवी सुरक्षा पद्धत जुन्या चिपांना व फर्मवेअरना जमत नाही. राउटर डब्ल्यूपीए २ सह मिश्र पद्धतीत ठेवून पाहावा.

ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीपासून रास्पबेरी पायच्या प्रणालीने जोडणीचे व्यवस्थापन नेटवर्कमॅनेजर या कार्यक्रमाकडे दिले. बूट विभागात (संगणक सुरू होताना वाचला जाणारा साठवणीचा भाग) सप्लिकंटची मांडणीची फाइल ठेवण्याची जुनी युक्ती तेथे लागू पडत नाही. एकाच जोडबिंदूवर दोन व्यवस्थापक चालू ठेवणे टाळावे, कारण एकाने जोडलेले दुसरा तोडतो आणि दोष अनियमित भासतो.

जोडणी होऊनही १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर राउटरकडून पत्ता आलेला नाही असे समजावे. अंकी पत्त्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, तेव्हा दोष नामसेवेचा, म्हणजे नावावरून अंकी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, असतो. प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या संस्थात्मक जाळ्यांत घड्याळही पाहावे. बहुतेक लघुसंगणकांना घड्याळाची बॅटरी नसते आणि चुकीच्या तारखेमुळे वैध प्रमाणपत्र नाकारले जाते.

अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीत वायफायची वीजबचत बंद करून पाहणे हा पहिला उपाय. यूएसबी ३ ची उपकरणे २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात गोंगाट करतात. डिस्क जोडल्यावरच वायफाय मंदावत असेल तर डोंगल छोट्या विस्तार-केबलने दूर न्यावा किंवा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा.