ऊन खाणारं पिल्लू

पहिला दमदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचा थवा घोंघावतो. सकाळी व्हरांड्यात पंखांचा सडा पडलेला दिसतो, आणि रात्री पाली-बेडकांची चंगळ झालेली असते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या तांबड्या, कोरड्या मातीतही पाऊस पडला की वाळवी अशीच उडते. तिथे तिच्यावर ताव मारणाऱ्यांमध्ये एक काटेरी गळ्याचा सरडा असतो. डिवचला की गळा फुगवून काळा करतो, म्हणून त्याचं नाव बिअर्डेड ड्रॅगन, दाढीवाला ड्रॅगन. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. ‘पोगोन’ म्हणजे ग्रीकमध्ये दाढीच.

आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा आणि हा ड्रॅगन एकाच कुळातले, ॲगॅमिडी कुळातले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर निळा-काळा-केशरी गळपंखा उघडून मिरवणारे छोटे सरडेही याच कुळातले. त्यांच्या प्रजातीसमूहाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये चक्क ‘सरडा’ हे मराठी नाव दिलं. ऑस्ट्रेलियाने आपले वन्यजीव व्यापारासाठी बाहेर पाठवणं केव्हाच थांबवलं आहे. त्यामुळे जगभरच्या घरांत, आता आपल्याकडच्या शहरांतही, पाळली जाणारी बिअर्डेड ड्रॅगनची पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेली असतात. त्यांनी ते वाळवंट कधी पाहिलेलं नसतं. शरीर मात्र त्या वाळवंटाच्याच हिशोबाने चालतं, आणि पिल्लाला काय खाऊ-पिऊ घालावं हा प्रश्न तिथूनच सोडवावा लागतो.

अंड्यातून निघालेलं पिल्लू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि वजन दोन-तीन ग्रॅम. चहाच्या चमच्यातली साखर याहून जड भरेल. पहिला दिवस-दोन दिवस ते काही खात नाही, कारण अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा पोटात असतो. त्यानंतर मात्र भूक अशी लागते की पाहत राहावं. वर्षभरात हे पिल्लू शंभर पटींहून जास्त वजनाचं होतं. एवढी वाढ पाल्यावर होत नाही, तिला प्रथिनं लागतात. म्हणून मोठा ड्रॅगन बराचसा शाकाहारी असला तरी पिल्लू मुख्यतः कीटकांवर वाढतं. रानातल्या चौदा ड्रॅगनच्या पोटातलं अन्न संशोधकांनी तपासलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कीटकांचा जो वाटा सापडला, त्यातला बहुतेक भाग पंख फुटलेल्या वाळवीचा होता. मिळेल तेव्हा पोट तट्ट फुगेपर्यंत खायचं, कारण पुढचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही, हा त्या प्रदेशाचा शिरस्ता.

घरात पहिले तीनेक महिने पिल्लाला दिवसातून दोन-तीन वेळा कीटक द्यावेत. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांत ते जितके खाईल तितके. कीटकाचं माप पिल्लाच्या चेहऱ्यावरच असतं: दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा कीटक नको. मोठा घास अडकतो, पचत नाही, बद्धकोष्ठ होतं. उरलेले रातकिडे पेटीत सोडून देऊ नयेत, कारण भुकेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात. दोन पिल्लं एकत्र ठेवली आणि खाणं कमी पडलं, तर ती एकमेकांची बोटं आणि शेपटीची टोकं तोडतात. तेव्हा ‘सोबत म्हणून दोन’ हा विचार कितीही मायेचा असला तरी मनातून काढून टाकावा.

आता खरी मेख. रातकिडा, झुरळ, मीलवर्म (एका भुंग्याची अळी) या पाळीव सरड्यांच्या नेहमीच्या खाद्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असतं. हाडं बांधणाऱ्या पिल्लाला याच्या उलट हवं असतं: एक भाग फॉस्फरसला साधारण दोन भाग कॅल्शियम. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या हा सुखद अपवाद, त्यांच्या अंगात कॅल्शियम मुळातच चांगलं असतं. बाकी कीटकांना देण्याआधी कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत घोळवावं लागतं, भजी पिठात घोळवावी तसं, फक्त थर अगदी पातळ. शिवाय कीटकाला आदला एक दिवस गाजर, भोपळा, हिरवा पाला असं चांगलंचुंगलं खाऊ घालावं. कीटकाच्या पोटात जे असेल तेच पिल्लाच्या पोटात जाणार. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल.

एवढं करूनही हाडं मऊ पडू शकतात. मराठीत आपण ‘ऊन खात बसलाय’ असं म्हणतो. या प्राण्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. कातडीवर सूर्यप्रकाशातले २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण पडले की कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून ड जीवनसत्त्वाचं कच्चं रूप तयार होतं, आणि शरीराच्या उष्णतेने त्याचं ड-३ बनतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर आपापले संस्कार करतात, तेव्हा कुठे आतड्याला कॅल्शियम शोषता येतं. ही साखळी तुटली तर कॅल्शियमची भुकटी एका टोकाने आत जाते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. मग शरीर रक्तासाठी हाडांमधलं कॅल्शियम ओरबाडू लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, पिल्लू पोट उचलून चालेनासं होतं. पाळीव सरड्यांमधला हा फार मोठा आजार आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त बोचतो, कारण तो जवळजवळ संपूर्ण टाळता येतो.

मग ड-३ तोंडावाटेच दिलं तर? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच पाहिलं. काही पिल्लांना सहा महिने अतिनील-बी दिवे मिळाले, काहींना अन्नातून ड-३. दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांच्या रक्तात या जीवनसत्त्वाचं साठवणीचं रूप जवळपास अठरा पट जास्त निघालं. या प्राण्यासाठी भुकटी ही प्रकाशाची जागा घेऊ शकत नाही. आणि इथे एक गैरसमज अगदी घरोघरी दिसतो: ‘आम्ही रोज खिडकीत उन्हाला ठेवतो.’ खिडकीची काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते, पण अतिनील-बी किरण अडवते. काचेआडचं ऊन या पिल्लासाठी उपाशीपणाच. अतिनील-बी दिवाही काही महिन्यांनी मंदावतो. डोळ्याला तो लख्ख पेटलेला दिसतो, पण कामाचे किरण कमी झालेले असतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्षात, तो बदलायचा.

उन्हाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ऊब. आपण जेवून झोपलो तरी पोट ३७ अंशांवर काम करत राहतं. सरड्याची शेगडी बाहेर असते. पेटीत एका बाजूला दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ४० अंश सेल्सिअसच्या आसपास हवा, दुसरी बाजू २५ ते २८ अंशांची गार, म्हणजे पिल्लू आपलं तापमान आपण राखतं. सकाळी दिवा लागल्यावर तासभर शेकू द्यावं आणि मगच पहिला घास. शेवटचं खाणं दिवा मालवण्याच्या किमान दीड-दोन तास आधी. गार पडलेल्या पोटात कीटक पचत नाही, नुसता पडून राहतो. ‘खातच नाही’ अशी तक्रार असेल तर आधी थर्मामीटर पाहावा, अन्न नंतर बदलावं. नव्या घरी आलेलं पिल्लू भेदरून दोन-चार दिवस कमी खातं, तेही स्वाभाविक आहे.

बागेतले, रस्त्यावरचे कीटक देऊ नयेत, त्यांच्या अंगावर कीटकनाशकं असू शकतात. काजवा तर कधीच नको. काजव्यांच्या अंगात भेकाच्या विषाशी नातं सांगणारं, हृदयावर आघात करणारं रसायन असतं. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि त्याला एखादा काजवाही पुरतो. त्यांच्या मूळ आहारात काजवा कधी नव्हता, त्यामुळे पिल्लू तो बेधडक गिळतं.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी. वाळवंटात वाटी भरून ठेवलेली नसते. १९८३ मध्ये नोंदवलेलं एक निरीक्षण मला फार आवडतं: पाऊस आला की हा सरडा मागचा भाग उंच करून डोकं खाली झुकवतो, पाठीवरून ओघळणारं पाणी तोंडापाशी येतं आणि तो ते चाटून पितो. स्वतःच्या अंगाची पन्हाळ करतो! त्यामुळे वाटीतल्या निश्चल पाण्याकडे पिल्लू अनेकदा ढुंकूनही पाहत नाही. हलणारं, चमकणारं, नाकावर पडणारं पाणी त्याला कळतं. ड्रॉपरने नाकाच्या शेंड्यावर एकेक थेंब सोडावा. पहिल्या दोन-तीन थेंबांना डोळे मिटतं, मग जीभ बाहेर येते. तोंड उघडून पाणी आत ओतू नये. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, आणि पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं.

पिल्लाचं पाणी प्रौढापेक्षा लवकर आटतं, कारण वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा. त्याच्या पाण्याचा मोठा वाटा अन्नातून येतो. जिवंत रातकिड्यात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. डब्यातले वाळवलेले कीटक सोयीचे खरे, पण त्यात ते पाणी नसतं. पाला धुऊन तसाच ओला द्यावा. कोमट पाण्यात आंघोळ घालायची असेल तर पाणी खांद्याच्या खाली, आणि नजर हटू द्यायची नाही. त्यावेळी काही पिल्लं पाणी पितात, तो फायदा. खवल्यांची कातडी मात्र पाणी शोषत नाही. पेटीत सारखा फवारा मारणं कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर अगदीच नको. तिथली हवा आधीच दमट, आणि कोरड्या हवेचा हा प्राणी ओलीत श्वसनाच्या आजाराने धरला जातो.

पाणी पुरतंय का, हे विष्ठाच सांगते. सरडे नायट्रोजनचा निचरा आपल्यासारखा पातळ लघवीतून न करता युरिक आम्लाच्या रूपात करतात, त्यात पाणी वाचतं. विष्ठेसोबत येणारा तो पांढरा भाग मऊ आणि पांढराच असेल तर ठीक. पिवळट-नारिंगी, खडूसारखा कडक झाला, डोळे खोल गेले, कातडीची चुणी तशीच राहू लागली, की पाणी कमी पडतंय. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न घालवता सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याला गाठावं.

हिरवा पाला पहिल्या आठवड्यापासून बारीक चिरून रोज ठेवावा, पिल्लू तोंड लावो न लावो. कोथिंबीर, मोहरीचा पाला, शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीची फुलं, लाल भोपळ्याचा कीस, हे आलटून पालटून. पालक टाळलेला बरा, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं. ॲव्होकॅडो विषारी. दर आठवड्याला ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहावं. सहा-सात महिन्यांनी वाढीचा वेग उतरू लागला की कीटक हळूहळू कमी आणि पाला जास्त. तोवर जी जास्वंद रोज सुकून फेकावी लागत होती, तिच्याकडे एखाद्या सकाळी तो आपणहून चालत येतो आणि फूल देठासकट तोडून खातो.