‘अदखलपात्र’ म्हणजे किरकोळ नव्हे

पोलीस ठाण्यात ‘एनसी’ (‘नॉन-कॉग्निझेबल’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली की गुन्हा क्षुल्लक ठरला, हा समज जुना आहे आणि ‘अदखलपात्र’ या शब्दाने तो होणेही स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा आहे. अदखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटाविना अटक आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना तपास करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खालील द्विविवाह अदखलपात्र असूनही त्याला 7 वर्षांपर्यंत, आणि पहिला विवाह लपवल्यास 10 वर्षांपर्यंत कारावास आहे. न्यायालयात खोटा पुरावा देणेही अदखलपात्रच, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. उलट, बेदरकारपणे वाहन हाकणे दखलपात्र आहे. त्याचा कारावास मात्र जास्तीत जास्त 6 महिने.