‘गाडी परत घ्या’ म्हणायचे, पण कशाच्या आधारावर?

कसारा घाट चढताना इलेक्ट्रिक कारची ताकद अचानक कमी होते, डॅशबोर्डवर इशारा येतो आणि गाडी फ्लॅटबेडवरून वर्कशॉपला जाते. तिथे लॅपटॉप जोडला की सगळे ठीक दिसते. सॉफ्टवेअर अपडेट मारून गाडी परत मिळते, महिनाभराने तोच प्रकार. अशी चार-पाच जॉबकार्डे (वर्कशॉपच्या दुरुस्तीच्या नोंदीचे कागद) जमली की नाशिकचा मालक दुरुस्ती मागणे सोडतो आणि कंपनीने गाडीच परत घ्यावी, असे लिहून देतो. या मागणीला आता सर्रास ‘बायबॅक’ म्हटले जाते. त्या शब्दामुळे सुरुवातीलाच घोटाळा होतो.

शोरूममध्ये बायबॅक म्हणजे ठरावीक वर्षांनी ठरावीक किमतीला गाडी परत घेण्याची योजना. चांगल्या गाडीचीच ती हमी असते, बिघाडाशी तिचा संबंध नाही. दुसरा अर्थ अमेरिकेतून आला. तिथे कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये ‘लेमन लॉ’ केला: ठरावीक काळात ठरावीक वेळा प्रयत्न करूनही नवी गाडी दुरुस्त झाली नाही, तर कंपनीने ती बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. इतर राज्यांनीही पुढे तसेच कायदे केले. भारतात असा कायदा नाही. दुरुस्तीच्या किती खेपांनंतर गाडी परत करता येते, याचा आकडा आपल्याकडे कुठेही लिहिलेला नाही. म्हणून कंपनीला पाठवायच्या नोटिशीत ‘बायबॅक’ लिहिण्यापेक्षा ‘सदोष वस्तूची किंमत व्याजासह परत’ असे लिहावे. कायद्याला हीच भाषा कळते.

ही भाषा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची. १९७४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ग्राहक चळवळीमुळे महाराष्ट्राला ती आधीपासून ओळखीची होती. दोष दूर करा, वस्तू बदलून द्या किंवा किंमत परत करा, असे आदेश या कायद्याखाली देता येत. २०१९ च्या नव्या कायद्यातही कलम ३९ मध्ये ते कायम आहेत. या कायद्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांतली कोणतीही उणीव म्हणजे दोष. कायद्याने किंवा कराराने जे अपेक्षित आहे त्यात कमी पडले तरी दोष, इतकी ही व्याख्या रुंद आहे, आणि त्यात ‘उत्पादन दोष’ हा शब्द नाही.

तरीही वाहनाच्या खटल्यात पहिला प्रश्न तोच येतो: मूळ उत्पादन दोष, म्हणजे कारखान्यातूनच आलेला दोष, आहे का? ही अट निकालांतून घट्ट झाली. त्यातला सर्वांत जास्त दाखवला जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, २००६ चा. कार पेट्रोलची होती आणि तक्रार क्लचची. ग्राहक आयोगाने गाडी बदलून देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन आहे, अख्खी गाडी बदलण्याचे नाही, हा त्यामागचा मुख्य विचार. ग्राहकाला प्रवासखर्चापोटी ५०,००० रुपये मिळाले.

क्लचच्या बाबतीत हे तर्कशुद्ध वाटते. क्लच प्लेट काढून टेबलावर ठेवता येते आणि नवी बसवली की विषय संपतो. पण त्या निकालाने कंपन्यांच्या हाती एक तयार उत्तर दिले. प्रत्येक वेळी एक भाग बदलायचा, प्रत्येक वेळी वॉरंटी पाळली म्हणायचे आणि मूळ दोष सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर टाकायचे. माझ्या मते वॉरंटीच्या अटींना कायद्याच्या व्याख्येपेक्षा मोठे करणे, हे या निकालाच्या वापरातले सर्वांत अन्यायकारक वळण आहे. कंपनीने स्वतः छापलेला कागद कंपनीचीच जबाबदारी कमी करतो आणि संसदेने दिलेली रुंद व्याख्या बाजूला पडते.

पुढच्या निकालांनी गाठ थोडी सैल केली. इंजिनच्या आवाजाच्या एका खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणीची वाट मोकळी केली. तज्ज्ञाला मूळ दोष आढळला तर गाडीची किंमत १२ टक्के व्याजासह परत, असे त्यात होते. २०२२ चा निकाल एअरबॅगचा. अपघातात ती उघडली नाही. धडकेच्या वेगाचे आणि बलाचे गणित ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा चुकीची आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. इलेक्ट्रिक कारच्या मालकाने आज २००६ च्या निकालाला उत्तर म्हणून हाच निकाल पुढे करावा. बॅटरीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमच्या आत काय चुकले, हे ग्राहकाने सांगायचे असेल, तर ते एअरबॅगच्या गणितापेक्षाही अवघड आहे.

भारतीय बनावटीची एक इलेक्ट्रिक कार २००१ मध्येच बंगळुरूहून बाजारात आली होती, पण घराघरांत गाड्या पोहोचल्या त्या केंद्राच्या अनुदानाचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाल्यावर आणि जुलै २०२१ च्या राज्याच्या धोरणानंतर. वाद लगेचच आले. २०२१ मध्ये प्रत्यक्ष रेंज (एका चार्जवर कापले जाणारे अंतर) दाव्यापेक्षा फारच कमी मिळते, या तक्रारीवरून दिल्ली सरकारने एका मॉडेलचे अनुदान थांबवले आणि उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकमध्येच इलेक्ट्रिक स्कूटर नेणारा कंटेनर पेटला, २० स्कूटर जळाल्या. देशात अशा आगी लागोपाठ लागल्यावर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. मात्र हे सगळे सुरक्षिततेभोवती फिरले. न पेटणारी, नुसतीच वारंवार बंद पडणारी गाडी त्यात कुठेच बसली नाही.

तिला बसवता येईल असे वाटणाऱ्या दोन तरतुदी आहेत, दोन्ही अपुऱ्या. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने रिकॉलचे, म्हणजे सदोष मॉडेलच्या गाड्या कंपनीला परत बोलवायला लावण्याचे कलम आणले, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. रिकॉलमध्ये पूर्ण किंमत परत देण्याचा पर्यायही लिहिला आहे. पण दोष पर्यावरणाला किंवा माणसांना धोकादायक हवा, आणि मालकांच्या तक्रारींवरून जायचे तर त्या ठरावीक प्रमाणात हव्यात. एकट्या मालकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. दुसरी तरतूद नव्या ग्राहक कायद्यातली उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई कंपनीने देण्याची. यात रचनेतला दोषही धरला आहे, म्हणून अनेकांना हेच हत्यार वाटते. पण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूला झालेले नुकसान वगळले आहे. गाडीमुळे माणूस जखमी झाला तर ही तरतूद उपयोगी, गाडीच वाईट निघाली तर पुन्हा १९८६ च्या ‘दोष’ या शब्दाकडे यावे लागते.

नव्या कायद्याचा खरा फायदा पत्त्याचा आहे. गाडी मुंबई-पुण्याच्या शोरूममधून घेतली असली, तरी राहत्या ठिकाणच्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. डिसेंबर २०२१ पासून जिल्हा आयोगाची मर्यादा ग्राहकाने मोजलेल्या किमतीनुसार ५० लाख रुपयांपर्यंत आहे. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते. वर्कशॉपच्या खेपा आणि ‘पुढच्या अपडेटमध्ये होईल’ या आश्वासनांत ती दोन वर्षे सरत असतात, आणि बॅटरीवर ८ वर्षांची वॉरंटी आहे म्हणून मालक निर्धास्त असतो. दोन्ही मुदती वेगळ्या आहेत.

तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरायला सांगितले जाऊ शकते. तपासणीच्या दिवशी गाडी शहाण्यासारखी चालली तर अहवाल मालकाच्या विरोधात जातो, म्हणून मला गाडीचा लॉग, म्हणजे तिच्या संगणकातली आपोआप होणारी नोंद, अधिक मोलाची वाटते. कोणत्या दिवशी कोणता एरर कोड आला, कोणते अपडेट केव्हा चढवले, हे कंपनीच्या सर्व्हरवर असते. कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम ३८ ने आयोगाला दिले आहेत. हा अर्ज तक्रारीसोबतच, गाडीच्या चॅसिस क्रमांकासह द्यावा. आणि तोवर प्रत्येक जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले असेल, तर त्याखाली आपली हरकत लिहून मगच सही करावी.